पाइपलाइन साफ करायला कुठलं टूल घ्यायचं? आधी पाइपाच्या आत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट, कूलिंग टॉवरपासून शेडपर्यंत ६ इंची एमएस (साध्या पोलादाची) लाइन साधारण १८० मीटर, तिच्यावरून १४ मशीनला १ इंची ड्रॉप म्हणजे मशीनकडे उतरणाऱ्या फांद्या, लाइन पंधरा वर्षं जुनी, पाणी बोअरचं आणि टँकरचं मिसळून. उन्हाळ्यापासून पंपाचं प्रेशर वाढलंय, पाणी कमी येतंय आणि ३ मशीन सारखा ऑइल टेंपरेचरचा अलार्म देतात. तिघांची कोटेशन आलीत, एक म्हणतो पिग (पाइपातून ढकलायचा बोळा) मारू, दुसरा म्हणतो हायड्रोजेट (जोरदार प्रेशरचा पाण्याचा फवारा) करू, तिसरा म्हणतो ॲसिड फिरवू, आणि साहेब म्हणतात एकदाच काय ते मशीन विकत घेऊन टाका, दरवर्षीची कटकट नको. तर घ्यायचं काय?

मी २६ वर्षं हेच काम करतोय, भोसरी-चाकणपासून रांजणगाव, कुरकुंभपर्यंत, त्यामुळे सविस्तर सांगतो. वेळ काढून वाचा कारण यात चूक झाली की पैसे तर जातातच पण माणसाला पण लागतं.

पहिली गोष्ट, तुम्ही एवढं सगळं लिहिलंत पण पाइपाच्या आत काय आहे ते एका ओळीतही नाहीये. किती जाडीचा थर आहे, कडक आहे का मऊ, क्षार आहे, गंज आहे का शेवाळाचा चिखल आहे, काहीच नाही. म्हणजे तिन्ही कॉन्ट्रॅक्टरनी फ्लँज (पाइपाचा बोल्टचा जोड) न उघडताच रेट दिलाय. प्रत्येकाने त्याच्याकडे जे मशीन आहे त्याचं कोटेशन दिलं, यात त्यांचंही फार चुकत नाही, पण निर्णय तुम्हाला घ्यायचाय आणि तो आत बघितल्याशिवाय घेऊच नका.

दुसरी गोष्ट मला तुमच्या प्रश्नातच दिसली. १४ पैकी फक्त ३ मशीन अलार्म देतात. आणि तुम्ही लिहिलंय की ती ३ मशीन लाइनच्या मधल्या भागात आहेत, शेवटी नाहीत. आता विचार करा, मेन लाइन चोक असती तर सगळ्यात आधी कोण ओरडलं असतं? शेवटचं मशीन. शेवटच्याला पाणी पुरतंय आणि मधल्याला नाही याचा अर्थ गडबड मेनमध्ये कमी आणि त्या तीन ड्रॉपमध्ये नाहीतर ऑइल कूलरमध्ये (मशीनचं तेल पाण्याने थंड करणारा भाग) जास्त आहे.

याला हिशोबाने बघू. ६ इंची शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या भिंतीच्या जाडीचा नंबर) पाइपाचं आतलं माप साधारण १५४ मिमी. आत सगळीकडून ३ मिमी थर बसला तर उरलं १४८. व्यास कमी झाला की तेवढंच पाणी ढकलायला लागणारं प्रेशर पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे १५४ भागिले १४८ चा पाचवा घात, आलं १.२२ च्या आसपास. २२ टक्के वाढ. खडबडीतपणामुळे आणखी थोडी धरा. आता तोच ३ मिमी थर १ इंची ड्रॉपमध्ये घाला. शेड्यूल ४० च्या १ इंचीचं आतलं माप २६.६ मिमी, उरलं २०.६, आणि त्याचा घात काढला तर ३.६ पट येतं. थर तोच, पाणी तेच, पण मोठ्या पाइपाला पाव वाढ आणि लहान पाइपाला साडेतीन पट. म्हणून मी कुठल्याही प्लांटला गेलो की मेन लाइनकडे नंतर बघतो, आधी ड्रॉप. लोक मात्र मोठा पाइप दिसतो म्हणून मोठ्या पाइपावरच खर्च करतात आणि मग म्हणतात एवढा खर्च केला तरी टेंपरेचर उतरलं नाही.

बघायचं कसं

गुरुवारच्या सुट्टीला दोन ड्रॉप उतरवा, एक अलार्म देणाऱ्या मशीनचा आणि एक व्यवस्थित चालणाऱ्याचा. दोन्ही शेजारी ठेवून टॉर्च मारून बघा. मेनवरचा पण एक छोटा स्पूल (दोन फ्लँजमधला पाइपाचा तुकडा) काढा, शक्यतो आडवा भाग, कारण गाळ खाली बसतो आणि उभ्या पाइपात तो दिसणारच नाही. जमलं तर शेवटच्या टोकाचा घ्या, तिथे वेग कमी असतो म्हणून साका जास्त.

मागच्या वर्षी चाकणच्या एका प्लांटमध्ये असाच स्पूल उतरवला तो डोळ्यासमोर आहे. पाइप कापून उभा चिरला, आत तीन थर निघाले. पाण्याच्या बाजूला काळपट चिकट लेप, बोटाला लागला की घसरतो आणि नासक्या पाण्याचा वास, त्याच्याखाली पांढरा-पिवळसर कडक क्षार, नखाने निघत नव्हता, स्क्रू ड्रायव्हरने टोचला की खपली उडायची, आणि एकदम तळाला पाइपाला चिकटून तांबूस-काळा गंज. म्हणजे एकाच पाइपात तीन वेगळी घाण. वरच्या लेपाला साधा फोम पुरतो, मधल्याला जेट किंवा ॲसिड लागतं, तळाचा गंज तर मी शक्यतो पूर्ण खरवडतच नाही. असा थर बघितला की मग टूलचा विचार सुरू होतो.

खपली घरी आणा, अगदी साध्या गोष्टींनी कळतं. स्टीलच्या वाटीत टाका, वरून व्हिनेगर ओता. फसफसलं तर कार्बोनेट क्षार, आपल्या बोअरच्या पाण्यात बहुतेक हेच असतं. काहीच झालं नाही तर थोडी वाट बघा, लॅब असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा, तरीही ढिम्म तर सिलिका किंवा सल्फेट असण्याची शक्यता, आणि मग तो ॲसिडवाला कितीही म्हणू दे, साध्या ॲसिडने काही होणार नाही. सिलिका विरघळवायला फ्लोराइडवाली केमिकल लागतात, ती अंगावर उडाली तर हाडापर्यंत जातात, त्या वाटेला प्लांटमध्ये कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग वाळलेल्या खपलीला लोहचुंबक लावा, चिकटली तर गंजाचा भाग जास्त. चिकट लेप असेल तर तो वाळवून वजन करा, मग लॅबच्या भट्टीत जाळा आणि परत वजन करा, जेवढं कमी झालं ते साधारण शेवाळ, तेल, जैविक घाण. तुमच्याकडे मोल्डिंग आहे, म्हणजे कूलर लीक असला तर पाण्यात हायड्रॉलिक ऑइल मिसळलेलं असू शकतं, आणि तेल मिसळलेल्या थरावर ॲसिड वरून ओघळून जातं, आधी डिटर्जंट किंवा अल्कली द्यावी लागते.

तिसरं, अल्ट्रासॉनिक जाडी मोजायचं मीटर लावून पाइपाची भिंत किती उरलीये ते बघा. ६ इंची शेड्यूल ४० नवीन असताना ७.१ मिमी असते. एल्बोच्या बाहेरच्या बाजूला, वेल्डच्या शेजारी आणि आडव्या पाइपाच्या तळाला वाचन घ्या. हे मी इतकं ताणून सांगतोय कारण जुन्या लाइनमध्ये कधीकधी क्षारानेच भोक बुजलेलं असतं. साफ केलं की दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कारंजी, आणि मग सगळे म्हणतात जेटवाल्याने पाइप फोडला. जेटने फोडला नसतो, पाइप आधीच संपलेला असतो. वाचन खूप कमी आलं तर साफ करायचा खर्च करू नका, तेवढा भाग बदला.

आणि प्रेशर मोजताना एकच गेज घ्या. पाच ठिकाणी पाच गेज लावले तर त्यांच्यातलाच फरक तुम्हाला प्रॉब्लेम वाटेल. एकच चांगला गेज, क्विक कपलरने फिरवत न्या, पंपापाशी, मेनच्या शेवटी, मग प्रत्येक मशीनच्या इनलेटला आणि आउटलेटला, सगळी मशीन चालू असताना. एक तासाचं काम आहे आणि चोक नेमका कुठे आहे ते कागदावर येतं.

पिग घालायचा म्हणजे आधी लाइन चालून बघायची

पिग म्हणजे पाइपाच्या आतून पाण्याच्या प्रेशरने ढकलला जाणारा बोळा, आणि तो वाटेत कशालाही अडतो. खडू घेऊन लाइनच्या कडेने चाला आणि प्रत्येक अडचणीला खूण करा. बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी त्याची चकती मध्येच उभी असते, पिग तिथेच अडकणार, तिथे व्हॉल्व्ह काढून साधा स्पूल टाकायचा. बॉल व्हॉल्व्ह फुल बोअर आहे का रिड्यूस्ड ते बघा. टेंपरेचरचा थर्मोवेल (सेन्सरची नळी) आत घुसलेला असतो तो काढा, नाहीतर तोही मोडतो आणि पिगही फाटतो. मोठ्या टी (फांदी फुटते तो जोड) असतील तर पिग फांदीत शिरतो. तुमच्या १ इंची ड्रॉपमध्ये तो शिरणार नाही, पण तिथून पाणी निसटतं आणि शिवाय खरवडलेली घाण सरळ त्या ड्रॉपमध्ये जाऊन बसते, म्हणून पिग मारताना चौदाही ड्रॉपचे व्हॉल्व्ह बंद पाहिजेत. हे न केल्यामुळे मेन चकाचक आणि सगळी मशीन बंद असं झालेलं बघितलंय.

पाइपाचं आतलं माप पण प्रत्यक्ष मोजा. ६ इंची म्हणून पिग मागवला आणि लाइन शेड्यूल ८० निघाली तर आतलं माप १५४ च्या जागी १४६ असतं, ८ मिमीचा फरक. दुरुस्त्या होऊन होऊन एकाच लाइनमध्ये दोन्ही पाइप जोडलेले पण सापडतात.

पिगचे प्रकार खूप आहेत पण तुमच्यासारख्या लाइनला कामाचा एकच, फोम पिग. फोम घनतेवर ओळखतात, हलका साधारण ३२ किलो प्रति घनमीटर, मध्यम ८० आणि कडक १२८ च्या आसपास. हलका पिग दाबला जातो, १.५डी एल्बोतून (वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट) जातो, अडकला तर फाटून तुकड्यात बाहेर येतो. कडक फोमवर पॉलियुरेथेनचा लेप किंवा वायरचा ब्रश लावलेला पण मिळतो. लोखंडी बॉडीचे कप आणि डिस्कवाले पिग, दोन्ही बाजूंनी चालणारे बाय-डाय पिग, हे जोरदार खरवडतात पण त्यांना मोठ्या वळणाचे बेंड, पिग आत घालायचा लाँचर, बाहेर पकडायचा रिसीव्हर हे सगळं आधीपासून असलेलं बरं. लोणी काळभोरला एचपीसीएलची मुंबई-पुणे-सोलापूर लाइन येते तसल्या लाइन जन्मापासूनच पिगसाठी बांधलेल्या असतात, बेंड लांब, व्हॉल्व्ह फुल बोअर, टीला आतून गज लावलेले. तुमची लाइन शेडच्या खांबांच्या कडेने जागा मिळेल तशी नेलेली आहे, तिला तो न्याय लावता येत नाही.

आणि पिग नेहमी मऊकडून कडककडे. का ते बघा. १८० मीटर, ६ इंची, ३ मिमी थर, याचं घनफळ काढलं तर साधारण २५० लिटर होतं. पाण्याच्या दुप्पट जड धरा, अर्धा टन घाण. पहिल्याच फेरीला ब्रशवाला कडक पिग घातला तर तो हा अर्धा टन पुढे ढकलत नेईल आणि चौथ्या-पाचव्या एल्बोला त्याचं बूच तयार होईल, ते काढायला पाइप कापण्याशिवाय उपाय नाही. म्हणून पहिला हलका फोम, तो फक्त रस्ता आहे का ते सांगतो. बाहेर आला की त्याच्याकडे नीट बघा, धुवू नका. एका बाजूला खोल चर पडली असेल तर आत काहीतरी टोकदार आहे, वेल्डचा थेंब किंवा घुसलेली नळी. तळाची बाजू काळी आणि वरची स्वच्छ असेल तर गाळ तळाला आहे. मग मध्यम, मग गरज असेल तर लेपवाला, आणि प्रत्येक फेरीनंतर भरपूर पाणी सोडायचं. एकापेक्षा जास्त फेऱ्यांचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का ते विचारा.

पाणी किती लागतं ते पण आधी बघा. ६ इंचीत १ मीटर प्रति सेकंद वेग पाहिजे तर तासाला ६७ घनमीटर पाणी पाहिजे. पंप २० घनमीटरचा असेल तर वेग ०.३ वर येतो, पिग सरकेल पण सुटलेली घाण मागेच बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिग हवेने ढकलायचा नाही. कुणी कितीही सांगू दे, कॉम्प्रेसर आहेच तर लावू म्हणून, नाही म्हणजे नाही. मी सत्तावीस वर्षांचा असताना नगर रोडच्या एका कारखान्यात हे बघितलंय. पिग अडकला, पाण्याने हलेना, कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने शॉपची हवा जोडली. बराच वेळ काही झालं नाही आणि मग एकदम सुटला. शेवटच्या तोंडाला एक हेल्पर पोतं धरून उभा होता, पिग त्याच्या मांडीला घासून गेला आणि मागच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला. मांडीचं हाड मोडलं, तो पोरगा आठ महिने घरी होता. हिशोब बघा, ६ इंची पाइपात ५ बार हवा मागे असेल तर पिगवर साधारण साडेनऊशे किलोचा जोर असतो. पाणी असतं तर पिग सुटताच प्रेशर गळून गेलं असतं कारण पाणी दाबलं जात नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी मागून ढकलतच राहते. म्हणून पाणीच, आणि बाहेर पडायच्या तोंडासमोर एकही माणूस नाही, तिथे जाड जाळीचा पिंजरा नाहीतर बंद रिसीव्हर. आणि रिसीव्हर उघडायच्या आधी आत प्रेशर शून्य आहे हे गेजवर नाही, व्हेंट (हवा सोडायची तोटी) उघडून बघायचं. गेजची नळी गाळाने चोक असते आणि काटा शून्य दाखवतो.

हायड्रोजेट

कडक क्षाराला हेच टूल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पण लोक फक्त बार विचारतात, "किती बारचं मशीन आहे". बार क्षार फोडतो, लिटर तो वाहून नेतो, दोन्ही पाहिजेत. ५०० बार आणि मिनिटाला ८० लिटर असं मशीन म्हणजे बार गुणिले लिटर भागिले ६००, ६७ किलोवॅट, ९० एचपीचं पाणी. हे मशीन तुम्ही विकत घेऊन वर्षातून चार दिवस वापरणार, ते चालवणारा ऑपरेटर तुमच्याकडे नाही, सील-पॅकिंग कोण बदलणार, म्हणून हे घेऊ नका, भाड्यानेच बोलवा.

१००० बार, २००० बार असले आकडे ऐकून भुलू नका. तुमच्या एमएस लाइनच्या क्षाराला माझ्या अनुभवात ५०० ते ७०० बार पुरतात. आणि पंपावरचा आकडा नोझलवर मिळत नाही, लांब आणि बारीक होजमध्ये बरंच प्रेशर मरतं. कॉन्ट्रॅक्टरला होजची लांबी, आतला व्यास आणि नोझलवर किती बार मिळतील ते विचारा, जो सांगू शकतो त्याला काम द्या.

नोझल निवडणं म्हणजे अर्धं काम. मागच्या बाजूला असलेले जेट होजला पुढे ओढतात आणि घाण मागे आणतात, पुढचा जेट पूर्ण चोकअप फोडायला. भिंतीवरच्या थराला फिरतं नोझल. थर फार जाड असेल तर साखळीवाला कटर पण असतो पण तुमच्या जुन्या पाइपात मी तो घालणार नाही. बेंड वाढले की होज पुढे जात नाही, म्हणून १८० मीटर एका तोंडातून होणार नाहीत, मध्ये दोन-तीन ठिकाणी फ्लँज उघडायची तयारी ठेवा.

सेफ्टीचं बोलतो. नोझलच्या मागे पाइपाच्या व्यासापेक्षा लांब असा कडक तुकडा पाहिजेच, नाहीतर ६ इंचीत नोझल आतल्या आत उलटं फिरतं आणि ऑपरेटरच्या अंगावर येतं. पाइपाच्या तोंडाला होज बाहेर उसळू नये म्हणून अडकवणी पाहिजे. पायाने दाबायचा डम्प व्हॉल्व्ह, पाय उचलला की प्रेशर गेलं, तो वायरने बांधून ठेवलेला दिसला तर तिथल्या तिथे काम थांबवा. वर दिलेल्या मशीनचा उलटा धक्का ४२० न्यूटन, जवळजवळ ४३ किलो येतो, हातात धरून करायचं काम नाही हे. आणि जेट कातडीवर लागला तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, रक्तही येत नाही, माणूस म्हणतो काही नाही झालं. आत पाणी आणि घाण मांसात लांबवर पसरलेली असते. बँडेज लावून घरी पाठवायचं नाही, सर्जन असलेल्या हॉस्पिटलला लगेच न्यायचं आणि तिथे स्पष्ट सांगायचं की इतक्या बारच्या घाणेरड्या पाण्याचा जेट लागलाय. उशीर झाला तर बोट, कधी हात काढावा लागतो.

ॲसिड

ॲसिडवाल्याचा रेट सगळ्यात कमी आलाय म्हणता, तर त्याला विचारा किती ॲसिड लागणार. १ किलो कार्बोनेटला बाजारातलं ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक साधारण २.४ किलो लागतं. तुमच्या मेनमधला अर्धा टन सगळा क्षारच धरला तर सव्वा टन ॲसिड. ते पातळ करून फिरवायचं, नंतर उदासीन करायचं, ते पाणी सोडायचं कुठे? गटारात नाही, तुमच्या ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) तेवढी ताकद आहे का बघा, स्लज हॅझार्डस वेस्टमध्ये बसला तर रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या फॅसिलिटीला मॅनिफेस्टसकट (सोबतची नोंदीची कागदपत्रं) पाठवावा लागतो. हा खर्च त्याच्या रेटमध्ये नसणार.

दुसरं, ॲसिड सोप्या वाटेने जातं. १४ ड्रॉप समांतर आहेत, जे ११ मोकळे आहेत त्यातून भरभर फिरणार आणि जे ३ चोक आहेत तिथे थेंब पोचणार नाही. म्हणजे साफ आहे ते आणखी साफ, चोक आहे ते तसंच. करायचं तर एकेक ड्रॉप वेगळा काढून, छोट्या प्लास्टिक टाकीतून छोट्या ॲसिडच्या पंपाने, इनहिबिटर (ॲसिडने लोखंड खाऊ नये म्हणून घालायचं केमिकल) घालून फिरवायचं. १ किलो क्षारातून जवळजवळ २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याला वर व्हेंट पाहिजे नाहीतर पंप हवेने अडतो, आणि शेडच्या खड्ड्यात तो साठला तर श्वास कोंडतो. लोखंडाशी हायड्रोजन पण निघतो, जवळ वेल्डिंग बंद. स्टेनलेसचा भाग मध्ये असेल तर हायड्रोक्लोरिक नकोच, क्लोराइडने खड्डे पडतात, तिथे सायट्रिक. आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यात क्लोरीनसाठी हायपो टाकत असाल तर ते पूर्ण काढून, लाइन धुवून मगच ॲसिड, दोन्ही भेटले तर क्लोरीन वायू सुटतो.

ऑइल कूलर

मला सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे. शेल-ट्यूब कूलरच्या नळ्या बहुतेक तांब्याच्या असतात. कव्हर उघडा, फिरत्या शाफ्टचं ट्यूब क्लीनिंग मशीन लावा, बारीक पाणी सोडत नायलॉनचा ब्रश, नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा. स्टीलच्या वायरचा ब्रश तांब्यात घालायचा नाही, नळीला ओरखडे पडतात आणि तिथूनच लीक सुरू होतो. कडक क्षार असेल तर कूलर उतरवून सायट्रिकमध्ये बुडवा, मग ब्रश. स्टेनलेस नळी असेल तर साध्या लोखंडी वायरचा ब्रश नको, त्याचे कण मागे राहतात आणि स्टेनलेसवर गंजाचे डाग येतात, ब्रशही स्टेनलेसचा नाहीतर नायलॉनचा. १ इंची ड्रॉपला हेच शाफ्ट मशीन चालतं, सरळ भागाला ब्रश किंवा छोटा कटर, एल्बो असेल तिथे युनियन (खोलता येणारा जोड) खोलायचं. ड्रॉप फारच जाम असेल तर मी साफ करतच बसत नाही, १ इंची पाइप नवीन टाकणं दिवसाच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतं.

मशीनच्या हायड्रॉलिक नळ्या हे वेगळं प्रकरण आहे, त्यात पाणी-ॲसिड-वायर ब्रश काही नाही, फोमची गोळी हवेच्या गनने मारायची, दुसऱ्या तोंडाला पकडायची जाळी लावून, आणि मग ऑइल फ्लशिंग.

तर तुमच्यासाठी काय

विकत घ्या: फिरत्या शाफ्टचं ट्यूब क्लीनिंग मशीन, नायलॉन ब्रशचे दोन-तीन माप, जाडी मोजायचं मीटर, एक चांगला प्रेशर गेज कपलरसकट, सायट्रिकसाठी छोटी टाकी आणि पंप. हे सगळं मिळून जेटिंग मशीनच्या किमतीच्या जवळपासही जात नाही आणि तुमचे फिटर दोन दिवसांत शिकतात. गेज, कपलर, युनियन पुण्यात बोहरी आळीत मिळून जाईल, ब्रश मात्र कूलरच्या नळीचं माप घेऊन ऑर्डरच द्या, अंदाजाने आणलेला ब्रश ढिला बसतो आणि नुसता फिरतो.

आधी ३ कूलर आणि ३ ड्रॉप करा, मग परत त्याच गेजने वाचन घ्या. अलार्म गेले आणि पंपाचं प्रेशर खाली आलं तर मेनला आत्ता हात लावू नका. नाही आलं आणि स्पूलमध्ये कडक थर दिसला तर दिवाळीच्या शटडाउनला जेटवाला बोलवा, दिवस वाचतील अशा पद्धतीने तोंडं आधीच तयार ठेवा. नुसता मऊ लेप असेल तर दोन हलके फोम पिग पुरतील. टॉवरच्या टाकीत गाळ काढायला माणूस उतरवणार असाल तर परमिट, आधी गॅस तपासणी, बाहेर दोरी धरून एक माणूस, हे शॉर्टकटशिवाय करा.

आणि पाण्याचं बघा. ब्लोडाउन (टॉवरमधलं क्षार वाढलेलं पाणी सोडून देणं) वेळेवर होतं का, टाकीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मेकअपच्या, म्हणजे नव्याने भरायच्या पाण्याच्या, किती पट झालाय ते आठवड्याला लिहून ठेवा. पंपाच्या सक्शनला जाळी आणि शक्य असेल तर साइड स्ट्रीम फिल्टर (थोडं पाणी बाजूला काढून सतत गाळणारा). हे नसेल तर साफ केलेली लाइन दोन वर्षांत परत तशीच.

गुरुवारी स्पूल उतरवला की खपलीचा फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठवा, ओला आणि वाळलेला दोन्ही, सोबत गेजची वाचनं आणि जाडीची वाचनं. आणि फ्लँज खोलायच्या आधी नवीन गॅस्केट आणि बोल्ट हातात असू द्या, जुनी गॅस्केट परत बसत नाही, संध्याकाळी तेवढ्यासाठी लाइन अडकून रात्रपाळी बसून राहिलेली मी खूपदा बघितलीये.